पहिला पेपर

"बेल झाल्याबिगर मला बाहेर बोलवायचं न्हाई. काय बी झालं तरी."

शालननं हे सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं आणि मनूला माझ्याकडं दिलं. मनू तिची मुलगी, नऊ महिन्यांची. ती माझ्या खांद्यावरून आईकडं बघत राहिली आणि तोंडातली मूठ तिनं तशीच चोखत ठेवली.

"आणि रडली तर?" मी विचारलं.

"रडू दे की. रडल्यानं कोण मरत न्हाई. बाटलीत दूध हाय, डब्यात मऊ भात हाय. झोप आली की डोळं चोळती, मग खांद्यावर टाकून फिरवायचं. पायावर घिऊन बसलीस तर झोपायची न्हाई." एवढं बोलून ती थांबली. "जये, तू ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतीय. जा तू."

कॉलेजच्या आवारात मुलंमुली शेवटची पानं चाळत उभी होती. शालनच्या हातात कंपासपेटी आणि हॉलतिकीट, एवढंच. पोपटी पातळ, मानेवर घट्ट अंबाडा. एम.ए.च्या परीक्षेला आलेल्या सगळ्या पोरींत ती एखाद्याची आई वाटत होती, आणि होतीच. पायऱ्या चढून ती आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं असणार, हे मला तिच्या चालण्यावरनं कळलं.

त्या वर्षी मी कोल्हापुरात इतिहासात पीएच.डी. करत होते. राजारामपुरीत इंगवलेकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर माझी खोली होती. खिडकीत पातेलं ठेवायची फळी, भिंतीला टेकवलेली पुस्तकं, संध्याकाळी खानावळीचा डबा. सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं, दुपारभर मोडी कागद लावत बसायचं आणि डोळे दुखायला लागले की चालत परत यायचं. विषय होता गडांवरची धान्याची आणि पाण्याची व्यवस्था. मार्गदर्शकांना वाटायचं की विषय मी शोधला. खरं तर तो शालनचा होता. विट्याच्या शाळेत आम्ही आठवीत असताना सर एका गडाच्या वेढ्याचं वर्णन करत होते. तोफा, भगदाडं, शर्थीची झुंज, सगळं रंगात आलं होतं आणि मागच्या बाकावरून शालननं विचारलं, "सर, इतकं महिने वर माणसं हुती, तर ती पाणी कुठलं पीत हुती? आणि भाकरी कोण करत हुतं?" वर्ग हसला. सरही हसले. मी मात्र घरी जाऊन त्याच प्रश्नाचा विचार करत बसले होते.

शालनच्या वडिलांचे चार यंत्रमाग होते. घराच्या पुढच्या भागात माग आणि मागं राहायचं. दिवसभर त्या खडखडाटात शेजारचं माणूस ओरडून बोललं तरी ऐकू जायचं नाही, आणि ही तिथंच पोत्यावर बसून वाचायची. एकदा तिच्या मांडीवर मांजरानं पिल्लू आणून ठेवलं तरी तिला कळलं नव्हतं. वाचायला लागली की ती कुठल्या कुठं निघून जायची. बी.ए.ला ती माझ्यापुढं होती, चांगली पुढं. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा, उत्तम, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं त्या धंद्यात अशीच दूरदूर गेलेली. ती विट्याजवळच्या लेंगरे गावात सासूसासऱ्यांजवळ राहिली आणि मी कोल्हापूरला आले.

पण आमचं शिकणं सुटलं नाही. मी एम.ए. करत होते तेव्हा प्रत्येक तासाची टिपणं दोनदा लिहायची, एक प्रत माझी, एक तिची. विट्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं पुडकं दिलं की तिचा भाऊ स्टँडवर घ्यायचा. महिन्याभरानं ती भेटायची, माहेरी आली की. मग मागाच्या आवाजात आम्ही दोघी ओरडून भांडायचो. "हे प्राध्यापक काय सांगत्यात, ह्याला पुरावा काय?" असं ती विचारायची आणि मला उत्तर द्यायला पुन्हा ग्रंथालयात जायला लागायचं. माझ्या एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत अर्धे मुद्दे तिचे होते. पुढं मनू पोटात असताना तिनंच ठरवलं की बाहेरून एम.ए.ला बसायचं. उत्तम हो म्हणाला. त्याला बायकोचं कौतुक होतं. सासू, जिला ती आत्या म्हणायची, तीही नाही म्हणाली नाही. पण एक गोष्ट तिनं सांगून ठेवली होती.

"लेकरू संगं न्हे, परीक्षा दे, माझं काय न्हाई," आत्या म्हणाली होती. "पर लेकराला काय बी झालं, तर मग ह्ये वाचायचं खूळ बंद. मी उत्तमला बी तसंच सांगीन."

शालननं मला हे हसत सांगितलं होतं. परीक्षेच्या दोन दिवस आधी ती कोल्हापूरला आली तेव्हा तिच्याकडं कपड्यांची एक पिशवी, शेंगदाण्याची चटणी, एक दुपटं आणि मनू, एवढं सामान होतं. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. तिनं मनूला पाजत पाजत म्हणायचं आणि मी चुका काढायच्या. चुका निघायच्या नाहीत. इंगवलेकाकू खालून चहा घेऊन यायच्या आणि दारातच उभ्या राहून ऐकायच्या. "पोरी, तुला हे सगळं पाठ हाय?" त्यांनी विचारलं तर शालन म्हणाली, "पाठ न्हाई काकू. समजलंय." मग माझ्याकडं बघून डोळा मारून म्हणाली, "ही मात्र लई शुद्ध बोलाय लागलीया हितं येऊन. हिला म्हणावं, आपली भाषा बी ठेव जरा." चार पेपर होते, आणि काकूंचं म्हणणं होतं की मनूला घरीच ठेवा, मी बघते. पण शालनला ती जवळ हवी होती. पेपर सुटल्या सुटल्या तिला पाजायला लागणार, छाती भरून येते, म्हणाली.

म्हणून मी मनूला घेऊन कॉलेजच्या आवारात होते.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. कडुनिंबाच्या पारावर मी तिला बसवलं, तिनं पाला तोंडात घातला, मी काढला, ती हसली. भाताचे दोन घास खाल्ले. मग एकदम तिनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. मी बाटली दिली तर तिनं मान फिरवली. खांद्यावर टाकलं, फिरवलं, गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही, मी तिला पाढे म्हणून दाखवले. रडणं वाढत गेलं. एप्रिलचं ऊन होतं, पाराची सावली सरकली होती. आवारात सावली एकाच ठिकाणी होती, इमारतीच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या कडेनं. तिथं नळही होता. मी तिकडं गेले. नळाखाली रुमाल भिजवून तिचं तोंड पुसलं तेव्हा मला तिचं कपाळ लागलं. तापलं होतं.

वर पहिल्या मजल्याच्या उघड्या खिडक्या होत्या. त्यातल्या एका खोलीत शालन बसली होती, हे मला माहीत होतं. पण मला तिची काळजी वाटली नाही. मागाच्या खडखडाटात वाढलेली पोरगी, वाचता-लिहिताना तिच्या कानावर काही येतं होय? मी त्या सावलीत भिंतीच्या कडेनं येरझारा घालत राहिले आणि मनू माझ्या कानाशी किंचाळत राहिली.

शेवटी एक शिपाई आला. "बाई, लांब जावा जरा. पोरं पेपर लिहित्यात वर."

"हिला ताप आलाय," मी म्हणाले. "हिची आई वर आहे."

शिपाई भला माणूस होता. त्यानं मनूच्या पायाला हात लावून पाहिला. "लई तापलंय की. नाव सांगा आईचं, बोलावतो. पर्यवेक्षकांना सांगून खाली आणतो."

माझ्या ओठांवर नाव आलं होतं. शालन उत्तम... एवढं म्हटलं असतं की ती दोन मिनिटांत खाली आली असती. पण एकदा खोलीतून बाहेर आली की तिला परत आत घेतील का? आणि घेतलं तरी ती परत जाईल का? मला तिचं सकाळचं तोंड दिसलं, ती पायऱ्या चढत होती ते. आत्याचं बोलणंही आठवलं. लेकराला काय झालं तर खूळ बंद. बोलावलं तर ते आजच, इथंच बंद होणार होतं.

"नको," मी म्हणाले. "मी डॉक्टरकडं नेते. तिला काही सांगू नका."

रस्त्यावर आले, रिक्षा मिळाली. रिक्षात मनू गप्प झाली. मला बरं वाटलं, झोपली असं वाटलं. मग माझ्या हातातलं तिचं अंग एकदम ताठ झालं. मी तोंड बघितलं. डोळे वर गेले होते, बुबुळं दिसत नव्हती, हातपाय आपोआप झटके देत होते. ओठांच्या कडा निळसर. मी काय ओरडले मला माहीत नाही. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं आणि रिक्षा अशी सोडली की मी एका हातानं दांडा आणि एका हातानं मनूला धरून बसले. रस्ताभर मी एकच म्हणत होते, शालन, मी बोलावलं नाही तुला. मी बोलावलं नाही.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना जवळच होता. पोचेपर्यंत झटका ओसरला होता आणि मनू लुळी पडली होती. बाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं, टेबलावर कुशीवर झोपवलं, कपडे काढले, नर्सला ओल्या फडक्यानं अंग पुसायला लावलं, औषध दिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. कितीतरी वेळानं मनूनं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि रडायला लागली. ते रडणं ऐकलं आणि मी तिथंच खाली बसले.

"ताप एकदम चढला की काही मुलांना असा झटका येतो," बाई म्हणाल्या. "घाबरण्यासारखं असतं, पण मूल ठीक आहे. घसा लाल आहे, त्याचा ताप. आता ताप चढू द्यायचा नाही. तुम्ही आई?"

"नाही. आई पेपरला बसलीय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मीही दिलेत असे पेपर. तिला सांगा, मुलगी ठीक आहे. आधी हे सांगा, मग बाकीचं."

त्यांनी मला तिथं थांबवून घेतलं, ताप उतरेपर्यंत. मी कॉलेजच्या फाटकाशी परत पोचले तेव्हा पेपर सुटून गेला होता. आवार रिकामं होतं. कडुनिंबाखाली शालन एकटी उभी होती. पातळाच्या पदरावर दुधाचे डाग पडले होते आणि उजव्या हाताची बोटं शाईनं निळी झाली होती. शिपायानं तिला सांगितलं होतं, हे मला लांबूनच कळलं.

"ठीक आहे ती," मी धावत म्हणाले. "शालन, ठीक आहे. ताप होता, झटका आला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या काही नाही. आता ताप उतरलाय."

तिनं मनूला घेतलं. तिथंच पारावर बसून तिला पदराखाली घेतलं. मनू पिऊ लागली. शालननं तिच्या कपाळावर तळहात ठेवला. मग तिनं विचारलं,

"कवापासनं रडत हुती?"

"तू आत गेल्यावर थोड्या वेळानंच. मी मागं नळाजवळ नेलं होतं. तू म्हणालीस म्हणून बोलावलं नाही. शिपाई बोलावत होता तुला, मीच नको म्हणाले."

"बरं केलंस," ती म्हणाली.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, ही माझ्यावर रागावलीय. कुणीही रागावलं असतं.

खोलीवर आल्यावर इंगवलेकाकूंनी मनूला मांडीवर घेतलं, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आमच्यापुढं ताटं मांडली. शालननं दोन घास खाल्ले.

"पेपर कसा गेला?" मी शेवटी विचारलं.

"चांगला गेला," ती म्हणाली. एखादं वाईट काम कबूल करावं तशी ती हे म्हणाली. मग उठून खुंटीवरचं दुपटं काढलं आणि घडी घालायला लागली.

"काय करतीयास?"

"सकाळच्या गाडीनं जाते."

"अगं, तीन पेपर राहिलेत! मनू बरी आहे. परवापर्यंत ताप जाईल. काकू सांभाळतील, घरीच ठेवू तिला. मी इथं बसते, मला ग्रंथालयात जायची गरज नाही. आपण डॉक्टरीणबाईंना रोज दाखवू."

"आगं मी बघते की लेकराला," काकू म्हणाल्या. "पाच पोरं वाढवली मी. तू लिही."

"न्हाई काकू."

"आत्यांची भीती वाटतीय का?" मी विचारलं. "त्यांना सांगूच नको. कुणी सांगणार नाही."

"आत्याचं काय न्हाई." तिनं कंपासपेटी पिशवीत टाकली. पुस्तकं, टिपणं मात्र माझ्या कॉटवर तशीच ठेवली. "ती तुझ्यापाशीच राहू देत. माझा काय उपेग न्हाई त्येंचा."

मी तिचा हात धरला. "शालन, माझं चुकलं असेल तर मला बोल. शिव्या दे. पण पेपर सोडू नको. इतकी वर्षं आपण..."

"तुझं काय चुकलं न्हाई, जये," ती म्हणाली. हात सोडवून घेतला नाही, पण तो माझ्या हातात अगदी निर्जीव होता. "मी सांगितलं, तसं तू केलंस. तुझ्यावर राग न्हाई माझा."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळी स्टँडवर गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते. ती मनूचं टोपरं नीट करत राहिली. गाडी हलली तेव्हा तिनं मनूचा हात धरून हलवला. स्वतःचा नाही.

पुढं त्या उन्हाळ्यात मी विट्याला गेले तर आमच्या घरीच आई म्हणाली, "शालनला झेपलं नाही म्हणे एम.ए. अर्ध्यातून आली." हे तिनं स्वतःच सगळीकडं सांगितलं होतं. झटक्याबद्दल एक शब्द तिनं सासरी सांगितला नव्हता. उत्तमही सुट्टीला आला होता. तो मला म्हणाला, "तुम्ही सांगा तिला. मी कितीदा म्हणलो, पुढच्या वर्षी बस. ऐकत न्हाई. म्हणती डोकं चालत न्हाई आता." मी लेंगऱ्याला गेले. शालन चुलीशी होती. तिनं चहा केला, मनूचे दात दाखवले, मला हातसडीचे पोहे बांधून दिले. अभ्यासाचा विषय काढला की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. निकाल लागला तेव्हा मी विद्यापीठात जाऊन पाहिला. तीन पेपरांपुढं गैरहजर. पहिल्या पेपरात असे गुण होते की आमच्या विभागातल्या लिपिकानं विचारलं, ही कोण मुलगी? मी तिला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पुढं ती मनूला घेऊन कोइमतूरला गेली आणि आमचं शिकणं, भांडणं, सगळं थांबलं. दिवाळीचं एखादं कार्ड, लग्नकार्यात भेट, "बरी हायस न्हवं?" इतकंच.

माझा प्रबंध पूर्ण झाला. मला नोकरी लागली, मी शिकवलं, पुस्तक लिहिलं. मुली माझ्याकडं एम.फिल.ला यायच्या, कुणाच्या कडेवर मूल असायचं. मी त्यांना परीक्षेच्या दिवशी नेहमी विचारायची, मुलाकडं कोण आहे? माझ्या घरी ठेवा म्हणायची. मनातल्या मनात मी शिपायाला दरवेळी वेगवेगळं उत्तर द्यायची. कधी म्हणायची बोलवा, कधी म्हणायची नको. कुठल्याही उत्तरानं शालन परत पेपरला बसायची नाही.

मनूचं लग्न ठरलं तेव्हा शालननं स्वतः फोन केला. "हळदीच्या दिवशीच ये," म्हणाली. "लग्नात बोलायला गावायचं न्हाई." विट्यातच घर बांधलं होतं त्यांनी. मनू पुण्यात एका कंपनीत मोठ्या पगारावर होती, उंच, बोलकी, चष्मा लावणारी. हळदीनं माखलेल्या हातांनीच तिनं मला मिठी मारली. "मावशी, आई म्हणती तुम्ही मला पाढे म्हणून दाखवलेले." म्हणजे शालननं तिला सांगितलं होतं. सगळं नाही, पण काही.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा शालन मला कोठीच्या खोलीत घेऊन गेली. परातींत लाडू रचून ठेवले होते. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो आणि ती डब्यांत लाडू भरायला लागली. केस पांढरे झाले होते, चष्मा होता. मीही लाडू भरायला लागले. मग मी ते बोलले, जे मी इतकी वर्षं ठेवलं होतं.

"शालन, त्या दिवशी मी तुला बोलवायला पाहिजे होतं."

तिचे हात थांबले. "तू आजून तिथंच हायस व्हय?" ती म्हणाली. "आगं, मी तवाच सांगितलं तुला. तुझ्यावर राग न्हाई म्हणून."

"मग कशासाठी सोडलंस?"

तिनं परातीतले लाडू सारखे केले. बाहेर कुणीतरी वाढपी पोरांना ओरडत होतं.

"मी ऐकलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"मनूचं रडणं. खिडकीखाली. पहिल्या प्रश्नाला हुते मी. पहिल्याच आवाजाला वळखलं. दुसऱ्या कुणाचं आसंल, आसं बी न्हाई वाटलं मला, एकदा बी न्हाई. ती तापली की तिचा आवाज बदलतो, त्यो तसा बदललेला हुता. मला कळलं की तिला ताप हाय." तिनं एक लाडू हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "म्हणलं, एवढी वळ पुरी करावी आणि उठावं. ती वळ झाली. मग म्हणलं एवढा मुद्दा. जये, इतकं सुचत हुतं, इतकं सुचत हुतं की हात पुरत न्हवता. छातीतनं दूध व्हात हुतं, पातळ भिजलं, आणि मी लिहीत हुते. मग आवाज लांब गेला, बंद झाला. मला बरं वाटलं. कळतंय का तुला? लेकराचा आवाज बंद झाला, आणि मला बरं वाटलं, की आता नीट लिहिता यील."

मी तिच्या हातातला लाडू घेऊन डब्यात ठेवला.

"बाहेर आले, तर शिपाई म्हणाला पोरीला दवाखान्यात न्हेलंय. तुला यायला येळ लागला. तेवढा येळ मी त्या झाडाखाली उभी हुते. आणि खरं सांगू? तेवढ्या येळात बी माझ्या मनात एक उत्तर चाललेलं, ह्यो मुद्दा राहिला, त्यो राहिला. मग मला माझीच भीती वाटली. म्हणलं, ही बाई चांगली न्हवं. हिला परत तिथं बसवायचं न्हाई."

"शालन, अगं..." मी तिचा हात धरला. "कितीतरी पुरुष... घरात लेकरं आजारी असताना..."

"मला म्हाईत हाय. मी काय बिनशिकलेली हाय व्हय? नंतर हजारदा सांगितलं मी मला. पण तवा सांगणारं कोण हुतं?"

"मी होते ना!" माझा आवाज चढला. "मी तिथंच होते. रात्रभर तुझ्याशेजारी होते. मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"काय म्हणली असतीस तू?"

मी विचार केला नाही. "म्हणले असते, तुझं काही चुकलं नाही. परवाच्या पेपरला चल."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, नवरीला उठवायचं म्हणून. शालननं डब्याचं झाकण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि दाराशी जाऊन माझ्याकडं वळली.

"म्हणूनच सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मी आले असते."